सायकलचं विचारा: कॅमेरा पुढे लावू का मागे?

प्रश्न: नमस्कार भाऊ, मी नागपूरच्या मनीषनगरात राहतो, नोकरी मिहानमध्ये, रोज वर्धा रोडनं सायकलनेच जातो. मागच्या महिन्यात एका मालवाहू गाडीनं इतकं घासून ओव्हरटेक केलं की मी डायरेक्ट कडेच्या मातीत, अन् नंबर पाहायच्या आत गाडी गायब. तेव्हापासून कॅमेऱ्याचं डोक्यात बसलंय. बजेट दहा-बारा हजार. पुढे लावू, मागे लावू का हेल्मेटवर? कारचा स्वस्त डॅशकॅम चालतो का? बायको म्हणते त्या पैशात आधी चांगला लाइट घ्या.

उत्तर: वहिनी बरोबर बोलतात जी. कॅमेरा काही धडक थांबवत नाही, तो नंतर कामाचा, त्यामुळे मागचा लाल लाइट आधी, दिवसाही ब्लिंकिंगवर ठेवायचा, अन् उरलेल्या पैशात कॅमेरा.

एकच घ्यायचा तर पुढे. गाडी मागून येते म्हणून सगळे मागे लावायला बघतात, पण रात्री मागच्या कॅमेऱ्यात हेडलाइटचा पांढरा गोळा दिसतो नुसता, त्याखालचा नंबर कुठला दिसायला. घासून गेलेल्या गाडीची मागची पाटी मात्र पुढच्या कॅमेऱ्यात सापडते. मागून ठोकलं तर मागचाच लागतो हेही खरं, म्हणून नंतर कधी पैसे जमले की दुसरा घ्या. गार्मिनचा व्हेरिया आरसीटी ७१५ (२०२२ मध्ये आला) लाइट, कॅमेरा अन् रडार एकातच देतो, १४० मीटरवरून येणारी गाडी कळवतो, पण तुमच्या बजेटात तो बसत नाही.

बॉक्सवर ४के (म्हणजे जास्त बारीक चित्र) लिहिलंय म्हणून भुलू नका. अंधार पडला की कॅमेरा शटर हळू करतो, म्हणजे एकेक चित्र घ्यायला जास्त वेळ घेतो, समजा सेकंदाचा साठावा भाग, आणि गाडी तुमच्यापेक्षा ताशी ४० किलोमीटरनं जास्त वेगात बाजूनं गेली तर तेवढ्यात ती १८ सेंटिमीटर सरकते, म्हणजे नंबरचं अक्षर फरफटलंच! त्यामुळे ४केच्या मागे न लागता दिवसा १०८०पी (४केच्या खालचं, पण पुरतं), सेकंदाला ६० फ्रेम, स्टॅबिलायझेशन चालू (चित्राची थरथर कमी करतं, आपल्या सिमेंट रोडच्या सांध्यांवर ते लागतंच), आणि व्ह्यू फार वाइड ठेवू नका, पाटी मुंगीएवढी होते. अन् एक फुकटचा उपाय सांगतो, गाडी जाताना नंबर मोठ्यानं बोला, एमएच ४०, एमएच ४९, जे दिसेल ते, माइकमध्ये तरी राहतं. आजूबाजूचे बघतील, बघू द्या.

डॅशकॅम नको. त्याला कारमधून सतत करंट लागतो, पाऊस बहुतेकांना सोसत नाही. मोठ्या कंपनीच्या ॲक्शन कॅमेऱ्याचं जुनं मॉडेल बघा, लूप रेकॉर्डिंग (कार्ड भरलं की जुन्यावरच नवं लिहिणं) आहे ना हे विचारून घ्या. हेल्मेटवर फुटेज कमी हलतं, मान वळवाल तिकडचं येतं, पण पडल्यावर डोक्याला कडक वस्तू बांधलेली मला पटत नाही, मी हँडलवाला. मेमरी कार्ड हाय एन्ड्युरन्सचं (सतत लिहिणं सोसणारं) घ्या, लूपमध्ये साधं कार्ड लवकर मरतं. सेकंदाला ३० मेगाबिटच्या रेकॉर्डिंगला तासाला साडेतेरा जीबी जातात, ६४ जीबीत ऑफिसचं जाणं-येणं आरामात होतं.

तारीख-वेळ आधीच बरोबर लावा. काही झालं तर रेकॉर्डिंग बंद करून कार्ड काढून ठेवा, नाहीतर लूप त्याच्यावरच लिहील. ग्रुपवर पाठवलेला व्हिडिओ दबून येतो, म्हणून मूळ फाइल जशीच्या तशी ठेवा, कट नाही, गाणं नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे, त्याच्या कलम ६३ प्रमाणे कोर्टात अशा फाइलसोबत सर्टिफिकेट द्यावं लागतं, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलचा आकडी ठसा, फाइल बदलली की तोही बदलतो) लिहितात, वकिलाला विचारून करा.

प्रश्न: कोराडी रोडनं दुपारी जाते, मे महिन्यात कॅमेरा मधेच बंद पडतो. खराब झाला का?

उत्तर: नाही हो ताई, तापतो. ४५ डिग्रीत आपण बंद पडतो तर तो काऊन नाही पडणार! ४के सोडून १०८०पी करा, वायफाय-जीपीएस बंद, चालू असताना पॉवर बँक लावू नका, त्यानं आणखी गरम होतो. सिग्नलला थांबलं की वारा लागत नाही, जास्त करून तिथंच बंद पडतो. उतरलात की कॅमेरा काढून पिशवीत टाका, उन्हातल्या सायकलवर ठेवू नका, आणि थंड करायला फ्रीजमध्ये तर मुळीच नको, आत पाणी धरतं.