शून्य मिनिटाची ट्यूब

पाषाण, पुणे

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझा आलेख मिळाला. ए-४३१ या कर्करोगाच्या पेशींना ईजीएफ हे वाढीचा संदेश देणारं प्रथिन दिलंस, अर्धा तास ३७ अंशांना ठेवलंस, मग पृष्ठभागावरच्या ईजीएफ रिसेप्टरला, म्हणजे ईजीएफ धरणाऱ्या प्रथिनाला, चमकणारी अँटीबॉडी लावून फ्लो सायटोमीटर या पेशींची चमक मोजणाऱ्या यंत्रावर मोजलंस, आणि सिग्नल ६० टक्क्यांनी उतरला. आलेखाखाली तू लिहिलं आहेस, ‘६० टक्के रिसेप्टर पेशीच्या आत गेले.’ सोमवारच्या मीटिंगमध्ये हे दाखवणार आहेस म्हणतेस, म्हणून घाईने लिहायला बसले. आकडा तू नीट मोजला आहेस. पण रिसेप्टर आत गेले, हे तू अजून पाहिलेलं नाहीस.

सदाशिव पेठेतला एखादा जुना वाडा डोळ्यांसमोर आण. ओसरीवर शंभर माणसं होती, अर्ध्या तासाने चाळीसच दिसली. बाकीची माजघरात गेली, असं ओसरीवर उभं राहून सांगता येईल का? काही दिंडी दरवाजातून रस्त्यावर गेली असतील. काही तिथेच, खांबाआड बसली असतील. आणि काही आत जाऊन, पाणी पिऊन पुन्हा ओसरीवर येऊन बसली असतील. त्यांचं जाणं-येणं तर तुझ्या मोजणीत उमटलंच नाही. रिसेप्टरच्या बाबतीत हे सगळं घडतं. काहींचा बाहेरचा भाग एन्झाइम कापून टाकतात, काही झाकले जातात, आणि पुष्कळसे आत जाऊन परत येतात.

तुझ्या प्रयोगात मला सगळ्यात जास्त काळजी खांबाआडच्यांची वाटते. अँटीबॉडीचा क्लोन, म्हणजे नेमका वाण, कोणता ते तू लिहिलेलं नाहीस. ईजीएफ या रिसेप्टरच्या पहिल्या आणि तिसऱ्या डोमेनला (भागाला) धरतं. सेटुक्सिमॅब हे औषध म्हणून वापरलं जाणारं अँटीबॉडीही तिसऱ्या डोमेनलाच चिकटतं आणि ईजीएफची वाट अडवतं. प्रयोगशाळेत वापरतात त्यातले काही क्लोन असेच आहेत. तुझा क्लोन त्यांपैकी असेल, तर जागा ईजीएफने आधीच धरलेली असणार आणि अँटीबॉडीला ती मिळणार नाही. रिसेप्टर जागचा हलला नाही तरी सिग्नल पडेल.

हे तपासायला एकच ट्यूब लागते, शून्य मिनिटाची. पेशी बर्फावर ठेव, ईजीएफ तेवढंच दे, तासभर थांब, आणि गरम न करता तशीच अँटीबॉडी लाव. ४ अंशांना ईजीएफ चिकटतं, पण पेशीपटल आत वळत नाही. या ट्यूबचा सिग्नल ईजीएफ न दिलेल्या ट्यूबइतकाच आला, तर निर्धास्त पुढे जा. उतरला, तर जेवढा उतरला तेवढं नुसतं झाकलं जाणं आहे. तसं निघालं तर ईजीएफशी न भांडणारा क्लोन शोध, किंवा अँटीबॉडी लावण्याआधी पेशींवरचं ईजीएफ थंड, आम्लधर्मी बफरने धुऊन काढ.

या एका ट्यूबसाठी मी एवढा आग्रह का धरते, ते सांगते. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी किरणोत्सारी आयोडीन लावलेलं लिगँड (रिसेप्टरला चिकटणारा रेणू) वापरत होते. पेशी गरम करायच्या, मग अ‍ॅसिड वॉशने बाहेर चिकटलेलं धुऊन काढायचं, आणि जे उरेल ते आत गेलेलं धरायचं. चार महिने मी ४५ टक्के, ४७ टक्के, ४४ टक्के असे आकडे वहीत लिहीत राहिले. आकडे इतके जुळत होते की त्यांच्यावर शंका घ्यावी असं वाटलंच नाही. मग एके दिवशी गाइडनी विचारलं, बर्फावरून न हलवलेल्या पेशी धुतल्यावर किती उरतं? मी ते कधीच केलं नव्हतं. त्याच संध्याकाळी केलं. १००० पैकी ३०० उरले. म्हणजे जिथे एकही रेणू आत गेलेला असणं शक्य नव्हतं, तिथेही माझ्या पद्धतीने ३० टक्के ‘आत’ दाखवले होते.

त्यानंतरचं गणित तूही करून बघ, कारण इथे पुष्कळांची गल्लत होते. पाच मिनिटांच्या ट्यूबमध्ये एकूण १०००, आणि धुतल्यावर ४५०. नुसती वजाबाकी केली तर १५०, पण ते बरोबर नाही. आत गेलेल्यांना वॉश लागतच नाही. न धुतले जाणारे ३० टक्के फक्त बाहेर उरलेल्यांपैकी असतात. म्हणून ४५० मधून ३०० वजा करायचे आणि ०.७ ने भागायचं. उत्तर २१४ येतं. ४५ टक्क्यांचे २१ टक्के झाले. त्या रात्री मी फार रडले होते, आणि दुसऱ्या दिवशी बफरचा पीएच तपासायला बसले.

बाहेरचं आणि आतलं वेगळं करून मोजण्यावर केवढं काही उभं आहे बघ. १९७० च्या दशकात डॅलसमध्ये ब्राऊन आणि गोल्डस्टाइन हे शास्त्रज्ञ आयोडीन-१२५ लावलेलं एलडीएल (रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण) पेशींना देत, आणि पृष्ठभागावर चिकटलेलं हेपॅरिनने सोडवून घेत. सुटलं ते बाहेरचं, राहिलं ते आतलं. अशा मोजणीतूनच त्यांना असा एक रुग्ण सापडला, ज्याच्या पेशींवर एलडीएल चिकटत होतं पण आत जात नव्हतं. पुढे कळलं की रिसेप्टरच्या आतल्या शेपटीत एकच अमिनो आम्ल बदललेलं होतं. त्यांनी एकच ‘एकूण’ आकडा मोजला असता, तर हा दोष इतर दोषांतच मिसळून गेला असता. १९८५ चं नोबेल या दोघांना मिळालं. मला आजही त्या हेपॅरिनच्या वॉशचं मोल फार मोठं वाटतं.

आता वेळेबद्दल. अर्ध्या तासाचा एकच बिंदू घेऊ नकोस. एलडीएल रिसेप्टर साधारण दर दहा मिनिटांनी आत-बाहेर एक फेरी पुरी करतो. अर्ध्या तासाला तू जे बघतेस त्यात जाणं, परत येणं आणि लायसोसोममध्ये नष्ट होणं, तिन्ही मिसळलेलं असतं. शून्य, एक, दोन, तीन, पाच मिनिटं, असे बिंदू घे. १९८२ मध्ये वायली आणि कनिंगहॅम यांनी यासाठी सोपी रीत दिली: पृष्ठभागावरचं प्रमाण स्थिर असेल, तर आतलं भागिले पृष्ठभागावरचं, हे गुणोत्तर वेळेसमोर मांडायचं. सुरुवातीच्या मिनिटांत सरळ रेघ येते आणि तिचा चढ म्हणजेच आत जाण्याचा वेग. ‘किती टक्के’ हा आकडा लिगँडच्या मात्रेप्रमाणे आणि रिसेप्टरच्या संख्येप्रमाणे हलत राहतो. हा वेग घेतलास तर दोन पेशींची तुलना करता येते. तुझ्या ए-४३१ वर प्रत्येक पेशीला दहा लाखांहून जास्त रिसेप्टर असतात. एवढ्या गर्दीला क्लॅथ्रिनची, म्हणजे रिसेप्टर आत नेण्याची नेहमीची, वाट पुरत नाही, म्हणून तिथे टक्केवारी कमी दिसली तरी यंत्रणा बिघडली असं समजू नकोस. शक्य असेल तर एनसीसीएसच्या (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या) रिपॉझिटरीतून हेला ही दुसरी पेशी आणून तिच्यावरही हेच करून बघ.

सोबत ट्रान्सफेरिन या लोह वाहणाऱ्या प्रथिनाचा कंट्रोल ठेव, ते बहुतेक पेशींत आत जातंच. आधी अर्धा तास सीरमशिवाय ठेव, नाहीतर सीरममधलं ट्रान्सफेरिन जागा अडवून बसेल. आणि एक मेख आहे: सौम्य आम्लात त्याचं लोह सुटतं, पण लोह गेलेलं ट्रान्सफेरिन रिसेप्टरला धरूनच राहतं. ते सुटतं पीएच ७.४ ला परत आल्यावर. म्हणून आधी लोह पकडून ठेवणारं डिफेरॉक्सामिन घातलेलं आम्लधर्मी बफर, मग साधं बफर, असं दोन पायऱ्यांत धुवावं लागतं. फक्त अ‍ॅसिड वॉश देऊन ‘धुतलं जात नाही’ म्हणणारी मुलं मी पाहिली आहेत.

बाकी हाताच्या सवयी. बर्फाच्या ट्रेमध्ये थोडं पाणी घाल. नुसत्या बर्फाच्या खड्यांमध्ये ट्यूब नीट टेकत नाही. गरम करताना प्लेट इनक्यूबेटरमध्ये सरकवू नकोस, तिथल्या हवेत ती तापायला कितीतरी मिनिटं लागतात आणि तुझी पहिली तीन मिनिटं हरवतात. आधीच ३७ अंशांना आणलेलं मीडियम ओत. ट्रिप्सिनने पेशी सोडवत असशील तर थांबव, ते रिसेप्टरही कापू शकतं; ईडीटीएने सोडव. गरम करण्याच्या टप्प्यावर अझाइडवालं बफर चुकूनही नको, पेशीची ऊर्जाच संपते. मेलेल्या पेशी रंगाने वेगळ्या काढ, त्या काहीही शोषून घेतात. आणि पुढे कधी अँटीबॉडी आधी लावून मग पेशी गरम करायची वेळ आली, तर फॅब तुकडा, म्हणजे अँटीबॉडीचा एकच हात, वापर. अख्ख्या अँटीबॉडीचे दोन हात दोन रिसेप्टर जवळ ओढतात आणि तेवढ्यानेही ते आत जाऊ शकतात.

मे महिन्यात लाइट गेली आणि एसी बंद पडला की बेंचवरच्या पेशी किती लवकर कोमट होतात, ते तुला पुण्यात राहून सांगायला नको. अशा दिवशी बर्फावरचा टप्पा कोल्ड रूममध्ये कर.

सोमवारी आलेख जरूर दाखव, पण खाली ‘पृष्ठभागावरचा सिग्नल ६० टक्क्यांनी घटला’ एवढंच लिही. कोणी विचारलं तर सांग की बर्फावरची ट्यूब या आठवड्यात करते आहे. ती झाली की टक्केवारी न काढता कच्चे आकडे मला पाठव, न रंगवलेल्या पेशींच्या आकड्यासकट. शनिवारी दुपारी मी घरीच आहे, वही घेऊन ये.

तुझी,
मॅडम