डिस्क रिकामी, तरी पोस्टग्रेस डेटाबेस ‘जागा नाही’ का म्हणतो?
म्हापशाच्या वाचनालयाची पुस्तकसूची डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगळ्या बंदिस्त डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं साधन), डिस्क अर्धी रिकामी, आणि मोठा शोध घेतला की ‘शेअर्ड मेमरी सेगमेंट वाढवता येत नाही, जागा नाही’ असा एरर, असं तुम्ही लिहिलंय. डिस्क तपासत बसू नका. डॉकर प्रत्येक कंटेनरला शेअर्ड मेमरी (अनेक प्रोसेसनी मिळून वापरायची रॅममधली जागा) मुळात ६४ एमबीच देतो आणि पोस्टग्रेसच्या समांतर क्वेरी, म्हणजे अनेक प्रोसेसमध्ये वाटून घेतलेले शोध, तीच वापरतात. कंपोज फाइलमध्ये (डॉकरच्या सेटिंगची फाइल) ‘एसएचएम_साइझ’ (shm_size), म्हणजे या शेअर्ड मेमरीची मर्यादा, १ जीबी करा आणि कंटेनर नव्याने तयार करा; नुसत्या रीस्टार्टने बदल लागू होत नाही.

कर्नलचा (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा) ‘एसएचएममॅक्स’ (SHMMAX) हा शेअर्ड मेमरीचा कमाल आकडा वाढवायचा सल्ला जुना आहे, पोस्टग्रेसच्या २०१३च्या ९.३ आवृत्तीपासून त्याची सहसा गरज पडत नाही. ‘शेअर्ड_बफर्स’ (shared_buffers), म्हणजे पोस्टग्रेस डेटा हाताशी ठेवायला रॅममध्ये राखतो ती जागा, ही वेगळी सेटिंग; ती मूळ १२८ एमबी असते. फक्त डेटाबेसच चालवणाऱ्या मशीनवर रॅमच्या पाव भागापासून सुरुवात करतात, पण तुमच्या ८ जीबीत वेबसाइटही आहे, म्हणून ही सेटिंग मी १ जीबीवरच थांबवेन.