शरसंधान म्हणजे बाण सोडणं नव्हे

परभणीहून एका ताईंचा प्रश्न आला आहे. त्यांचा मुलगा लाकडी धनुष्यावर जुन्या पद्धतीची तिरंदाजी शिकतो. सरावाला एसटीने जावं लागतं आणि तीस इंची बाण पाठपिशवीत मावत नाहीत, म्हणून त्याने दोन तुकड्यांत सुटणारे बाण करून घेतले. मधोमध पितळी नळी, नळीत आटे, फिरवलं की बाण अख्खा. त्याचे सर त्याला ‘टेकडाउन ॲरो’ म्हणतात, बरोबरची पोरं ‘फोल्डिंग बाण’ म्हणतात. ताई विचारतात की याला मराठीत काय म्हणावं आणि ‘फोल्डिंग’ चालेल का. जाता जाता त्यांनी शाळेच्या वार्षिकासाठी लिहिलेलं एक वाक्यही पाठवलं आहे: ‘माझ्या मुलाने अचूक शरसंधान केले आणि बाण लक्ष्यात घुसला.’ ते बरोबर आहे ना, एवढंच बघून सांगा, म्हणतात.

‘फोल्डिंग’ चालणार नाही. जे घडी होतं ते फोल्डिंग. खुर्ची, खाट, छत्री. बाणाची घडी झाली तर तो मोडला असं समजायचं. ‘टेकडाउन’चा अर्थ सुटं करून ठेवता येणारं, एवढाच. ऑलिम्पिकमध्ये दिसतं ते धनुष्यही तसंच असतं, मधली मूठ वेगळी आणि वरखालची दोन पाती वेगळी. तेव्हा ‘सुटा होणारा बाण’ म्हटलं तरी काम भागतं.

पण ताई, मला खरं बोलायचं आहे ते तुमच्या त्या वार्षिकातल्या वाक्याबद्दल.

‘विरोधकांवर शरसंधान साधले’ हे वाक्य वाचल्याशिवाय माझा एक आठवडा जात नाही. पुढारी सभेत कोणाला चार शब्द सुनावतो, दुसऱ्या दिवशी ते ‘शरसंधान’ होतं. वाहिन्यांवर तर ‘जोरदार शरसंधान’ असतं. संधान जोरात कसं करणार? सुईत दोरा जोरदार ओवला असं कोणी म्हणतं का? संधान म्हणजे बाण सोडणं नाही, मारणं नाही, टोचणं तर नाहीच. बाणाची खाच दोरीवर बसवणं म्हणजे संधान. सम् आणि धा. धा म्हणजे ठेवणं, सम् म्हणजे एकत्र. दोन गोष्टी एकमेकींना लावून ठेवल्या की ते संधान.

हे मी मनाने सांगत नाही. शाकुंतलाचा पहिला अंक बघा. दुष्यंत हरणाच्या मागे लागलाय, बाण धनुष्यावर आहे, आणि तपस्वी आडवा येऊन म्हणतो, ‘तत्साधुकृतसंधानं प्रतिसंहर सायकम्’. ज्याचं संधान उत्तम झालेलं आहे तो बाण मागे घे. राजा घेतोही. आता संधान म्हणजे सोडणं असतं तर सुटलेला बाण तपस्व्याने कुठून मागे घ्यायला लावला असता? हरणाच्या अंगातून? मुंडकोपनिषदात तर क्रमच लावून दिला आहे. धनुष्य हातात घे, त्यावर शर ‘संधयीत’, मग ‘आयम्य’ म्हणजे ओढून, आणि शेवटी ‘विद्धि’, वेध कर. चार क्रिया, चार शब्द. संधान दुसरं आहे, वेध चौथा आहे. मधे अख्खी दोरी ओढायची राहिली आहे.

यावर एका भाषातज्ज्ञांनी मला भर कार्यक्रमात उत्तर दिलं होतं, की कोशात संधानाचा अर्थ ‘नेम धरणे’ असाही आहे, तेव्हा तुम्ही उगाच ताणू नका. कोशात आहे, मान्य. दोरीवर बाण चढला की डोळा आपोआप लक्ष्याकडे जातो, म्हणून हात करतो त्या कामाचं नाव डोळ्याच्या कामालाही लागलं. पण नेम धरणं हेसुद्धा सोडण्याच्या आधीचंच आहे! कोशातल्या दुसऱ्या अर्थाने त्यांचीच बाजू पडते, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. ‘रूढ झालंय आता’ हे त्यांचं शेवटचं वाक्य होतं. रूढ झालंय ते वार्ताहरांत. तिरंदाजी शिकणाऱ्या पोरांपैकी एकही ‘मी आज साठ शरसंधानं केली’ असं म्हणत नाही. ‘साठ बाण सोडले’ म्हणतात, आणि बरोबर म्हणतात.

आता या शब्दाची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. संधान, संधी आणि आपला रोजचा सांधा, तिघे एका घरचे. गुडघ्याचा सांधा तोच, संधिवात तोच, व्याकरणातली संधी तीच. संधी म्हणजे मोका, तोही दोन काळांच्या मधली फटच. सांदीकोपऱ्यातली सांदी तीच. पूर्णा जंक्शनला रुळांचे सांधे बदलणारा सांधेवाला तोच शब्द पाठीवर घेऊन फिरत होता. दिवस आणि रात्र जिथे एकमेकांना लागतात ती संध्या, आणि तिचीच झिजून झालेली सांज. संध्येची व्युत्पत्ती काही शास्त्रीमंडळी ‘सम्यक् ध्यान’ अशी लावतात. ते मला कधीच पटलेलं नाही. ध्यान हे त्या वेळेला करायचं काम झालं. वेळ आधी आहे आणि ती सांध्याची वेळ आहे.

म्हणजे बघा, दोरीवर बाण लावणं हे संधान, आणि दोन तुकडे नळीत बसवून बाण अख्खा करणं हेही शब्दशः संधानच. तुमच्या मुलाच्या बाणाचं शरसंधान दोनदा होतं! एकदा नळीत, एकदा दोरीवर. मला हे सुचलं त्या रात्री झोप आली नाही.

माझा मुद्दा याच्या पुढचा आहे. मी असं मानतो की बाणाची आपली जुनी भाषा ही मुळात पेराकांड्यांची, म्हणजे उसाबोरूची भाषा आहे. ‘शर’ हे आधी गवताचं नाव, उंच, सरळ, बोरूच्या जातीचं. त्याचा बाण करत म्हणून बाण शर झाला. ‘कांड’ म्हणजे दोन गाठींच्या मधला तुकडा, आणि कांड म्हणजे बाणही. अमरकोशाने काठी आणि बाण हे दोन्ही अर्थ एकाच ओळीत दिले आहेत. शर आणि कांड जोडून हिंदीत ‘सरकंडा’ झाला. आपल्याकडे तेच कांड उसात राहिलं. बीडकडचा ऊसतोड कामगार बेण्यासाठी कांड्या तोडतो तेव्हा तो बाणाचाच जुना शब्द वापरत असतो. ‘पर्व’ म्हणजे गाठ, त्याचं मराठीत पेर झालं, उसाचं पेर, बोटाचं पेर. रामायणाची कांडं आणि महाभारताची पर्वं! दोन्ही महाकाव्यांची प्रकरणं मोजायला आपल्या पूर्वजांना वेताउसाचेच शब्द सुचले.

महाभारताच्या युद्धपर्वांत ‘शरैः संनतपर्वभिः’ हे शब्द पुन्हा पुन्हा येतात. संस्कृतच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी मला याचा अर्थ ‘वाकलेल्या पेरांचे बाण’ असा सांगितला. नत म्हणजे वाकलेलं, झालं. मी त्यांना विचारलं, सर, वाकलेल्या पेराचा बाण जाईल कुठे? त्यांना राग आला. पण ज्याने बांबूची काडी हातात धरून बाण केला आहे त्याला हे समास सोडवून दाखवावे लागत नाहीत. बांबूला, बोरूला प्रत्येक पेरावर उंचवटा असतो. तो तासून खाली बसवावा लागतो, नाहीतर सुटताना काडी धनुष्याला घासते आणि तिरकी जाते. संनतपर्व म्हणजे पेरं बसवलेला, गुळगुळीत केलेला बाण. कारागिराचं काम कवीने विशेषणात ठेवलं आहे आणि प्राध्यापक त्याला वाकडं म्हणतात.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्या शेजारच्या पोराने गेल्या उन्हाळ्यात आमच्या ओट्यावर तुमच्या मुलाच्या बाणांसारखे सुटे होणारे चार बाण केले, तेव्हा मी बाजूला बसून होतो. जेमतेम आठ मिलिमीटर जाडीची लाकडी काडी. ती कापायच्या आधी त्याने पेन्सिलने एक उभी रेघ मारली, कापायच्या जागेवरून आरपार. का, विचारलं तर म्हणाला, काका, बघा नंतर. मग बारीक करवतीने काडी कापली, दोन्ही तोंडं सपाट घासली, पितळी नळीचं एक अंग एका तुकड्यात आणि दुसरं दुसऱ्यात इपॉक्सीने बसवलं. दुसऱ्या दिवशी वाळल्यावर आटे फिरवले. आटे पूर्ण बसले आणि रेघ रेघेला मिळाली. लाकडाचे तंतू पहिल्यासारखे एका ओळीत आले. खाचेची दिशा तंतूंच्या हिशोबाने ठरवलेली असते; सांधा फिरलेला राहिला तर पुढचा अर्धा आणि मागचा अर्धा दोन वेगळ्या काड्यांसारखे वागतात.

चारपैकी एका बाणाची रेघ काही जुळेना. लेथवाल्याने आटे कमीजास्त पाडले होते. पोरगं म्हणालं, चालतंय. मी नको म्हणत होतो. तो बाण पहिल्यांदा सुटला तो डावीकडे गवतात गेला, आणि सापडला तेव्हा नळीच्या तोंडाशी काडीला बारीक चीर होती. दोरी सुटते तेव्हा बाण सरळ निघत नाही, तो आधी वाकतो, धनुष्याला वळसा घालतो आणि मग सरळ होत जातो. तो सगळा वाक सांध्याच्या तोंडाशी सोसायचा असतो. चीर गेलेला बाण पुन्हा दोरीवर चढवायचा नाही, तो तिथेच हाताने मोडून टाकायचा. सोडताना हातात फुटला तर त्याची सळई तळव्यात जाते.

काडी किती झुकते हे मोजायची रीतही त्यानेच दाखवली. २६ इंचांवर दोन टेकू, वर आडवी काडी, मधोमध २ पौंडांचं वजन. काडी जेवढे इंच खाली झुकेल त्याने २६ला भागायचं. अर्धा इंच आणि वर थोडं, म्हणजे ०.५२ झुकली तर उत्तर ५०. ती काडी साधारण पन्नास पौंडी, म्हणजे ओढायला पन्नास पौंडांचा जोर लागणाऱ्या धनुष्याची. मधे नळी बसली की काडी तिथे ताठ होते आणि हा आकडा बदलतो, वजनही वाढतं. म्हणून सांधून झाल्यावर पुन्हा मोजायचं. ताई, तुमच्या मुलाने हे केलं नसेल तर जरूर करायला सांगा.

तर शब्द. ‘सांध्याचा बाण’ म्हणा. बोलताना ‘सांधबाण’ होईल, होऊ द्या. मी दोन कांड्यांचा म्हणून ‘दुकांडी बाण’ हा शब्दही पोरांपुढे ठेवला होता आणि तो मला मनापासून आवडतो, पण त्यांच्या तोंडी ‘सांध्याचा’ लगेच बसला. ‘विभाज्य शर’ असं कोणी सुचवलं तर ऐकू नका. तो शब्द परिपत्रकासाठी जन्मलेला आहे. ‘जोडबाण’ही नको. जोड म्हटलं की जोडवी, जोडाक्षर अशी दोनाची जोडी डोळ्यासमोर येते, ऐकणाऱ्याला वाटेल दोन बाण एकदम सुटतात.

बाण की तीर, असंही तुमच्या पत्राच्या कडेला लिहिलेलं दिसतं. दोन्ही आपलेच. तीर फारसीतून आला. १७ सप्टेंबर १९४८पर्यंत आपण मराठवाड्यातले लोक निजामाच्या राज्यात होतो, शाळा-कचेरी उर्दूत होती, आणि आमच्या आजोबांच्या तोंडी तीरकमानच असायचं. तिरंदाजातला ‘अंदाज’ही फारसी, फेकणारा या अर्थाचा. तोफेचा गोळा टाकणारा गोलंदाज त्याचाच भाऊ, जो आता चेंडू टाकतो. त्यामुळे तिरंदाज ‘सांध्याचा तीर’ घेऊन निघाला तरी माझी काही हरकत नाही.

क्रियापदं मात्र वेगळी ठेवा, नाहीतर मैदानावर घोटाळा होईल. दोन्ही कामं संधानच आहेत हे मीच वर सांगितलं, पण सरांनी ‘सांधा’ म्हटल्यावर पोराने नळी फिरवायची की दोरीला हात घालायचा? नळीसाठी ‘सांधणे’, दोरीसाठी ‘चढवणे’, मग ‘ओढणे’, मग ‘सोडणे’. लक्ष्यावर आदळला की सांधा कधीकधी सैल होतो, म्हणून बाण काढून आणला की दर वेळी बोटाने पिळून बघायचा आणि रेघेवर नजर टाकायची.

आणि वार्षिकातलं वाक्य असं करा: ‘माझ्या मुलाने बाण सांधला, दोरीवर चढवला, ओढून नेम धरला आणि सोडला. तो लक्ष्यात घुसला.’ शरसंधान काढून टाका.