जहाज विकेपर्यंत थांबायचं का?

प्रश्न : धाकटा भाऊ परदेशी झेंड्याच्या मालवाहू जहाजावर आहे. तीन महिने जहाज एका बंदराबाहेर नांगरून आहे. पगार नाही, मालक फोन उचलत नाही, जेवण दिवसातून एकदा. एजंट म्हणतो, जहाज विकलं की सगळे पैसे मिळतील, तोवर दम धरा. घरी बसून आम्ही काय करावं?
– एक वाचक, दापोली

उत्तर : दम धरू नका. एजंटाच्या सल्ल्याने तुमच्या भावाचे पैसे बुडू शकतात.

सागरी कामगार करार, २००६ हा भारतासह बहुतेक सागरी देशांनी स्वीकारला आहे. बरीच जहाजं ज्यांच्याकडे नोंदवून ज्यांचा झेंडा लावतात, ते पनामा, लायबेरिया, मार्शल बेटंही त्यात आहेत. २०१७ पासून मालकाला विम्याची हमी सक्तीची आहे. दोन महिन्यांचे पगार न देता मालकाने संबंध तोडले, अन्नपाणी पुरवलं नाही किंवा घरी पाठवण्याचा खर्च दिला नाही, यातलं एक जरी घडलं तरी खलाशाला वाऱ्यावर सोडलं असं धरतात. मग जेवण, पाणी, जहाजावर जगण्यापुरतं इंधन, औषधपाणी, परतीचा प्रवास आणि थकलेला पगार हे सगळं विमा कंपनीकडे येतं. पगार मात्र जास्तीत जास्त चार महिन्यांचा. सात महिने थांबलात, तर उरलेल्या तीन महिन्यांच्या पगारासाठी जहाज कोर्टातून अडकवावं लागतं, आणि ते काम लांबतं.

५०० टन किंवा त्याहून मोठ्या आंतरराष्ट्रीय जहाजावर हमीचं प्रमाणपत्र सर्वांना दिसेल असं लावलेलं असतं. भावाकडून आजच त्याचा फोटो मागवा; विमा कंपनीचं नाव, संपर्क आणि मुदत त्यावर असते. मालकाने हप्ता थकवला तरी हमी त्याच दिवशी संपत नाही, विमा कंपनीला झेंड्याच्या देशाला किमान ३० दिवस आधी कळवावं लागतं. पण हे दिवस भराभर जातात.

मागणी खलाशाने नेमलेला प्रतिनिधीही करू शकतो. तशी सही केलेली चिठ्ठी भावाकडून घ्या, म्हणजे दापोलीतून मेल पाठवता येईल. झेंडा एकाचा, मालक दुसरीकडचा, बंदर तिसऱ्याचं, माणूस आपला. त्यामुळे जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. म्हणून एकच मेल सर्वांना पाठवा : विमा कंपनी, झेंड्याच्या देशाचं नौवहन खातं, बंदराचं प्रशासन, मुंबईचं नौवहन महासंचालनालय आणि आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघ (आयटीएफ). त्यात जहाजाचा सात आकडी आयएमओ क्रमांक हवाच. नाव आणि झेंडा बदलला तरी तो बदलत नाही. सगळ्या खलाशांची नावं, सीडीसी (खलाशाचं सरकारी नोंदपुस्तक) क्रमांक, महिनावार थकबाकी आणि पिण्याचं पाणी किती दिवस पुरेल हेही लिहा.

'पूर्ण हिशेब मिळाला' अशा कागदावर पैसे हातात येईपर्यंत भावाने सही करू नये. जहाज सोडून निघूनही जाऊ नये. ठरावीक माणसं जहाजावर असल्याशिवाय बंदर सगळ्यांना उतरू देत नाही, म्हणून बदली माणसं पाठवण्याची मागणी त्याच मेलमध्ये करा. एजंटाचा आरपीएसएल (खलाशी भरतीचा सरकारी परवाना) क्रमांकही कळवा. परवाना नसेल तर तसं स्पष्ट लिहा.