कोणाला कोणाची धास्ती होती?

सांगली

चि. स अनेक आशीर्वाद.

देश प्रादेशिक संघटनांत का जातात, यावरचं तुझं उत्तर वाचलं. मैत्री, व्यापार, सांस्कृतिक देवाणघेवाण. चूक काही नाही, पण असंच उत्तर ढिगाने येतं. लिहिण्याआधी एवढंच विचार: कोणाला कोणाची धास्ती होती?

सार्क, म्हणजे दक्षिण आशियाई देशांची संघटनाच घे. कल्पना बांगलादेशचे तेव्हाचे अध्यक्ष झिया-उर-रहमान यांची. आपल्याला शंका, की लहान शेजारी मिळून आपली कोंडी करणार. पाकिस्तानला शंका, की भारत या निमित्ताने बाजारपेठ काबीज करणार. तरी १९८५ साली ढाक्यात सातही देश आले. बाहेर राहिलो तर आपल्यामागे काय शिजतंय ते कळणार कसं? म्हणून तर सनदेतच दोन कुलपं घातली: निर्णय एकमताने, आणि दोन देशांमधले वाद चर्चेला घ्यायचे नाहीत. पुढे या कुलपांनीच गाडं अडवलं. २०१४ मध्ये काठमांडूत पाकिस्तानने एकमेकांच्या देशात वाहनं जाऊ देणारा मोटार वाहन करार रोखला आणि त्यानंतर शिखर परिषदच झाली नाही. (मी तरी सार्कला मेलेली म्हणणार नाही. मार्च २०२० मध्ये कोरोनासाठी हेच देश व्हिडिओवर एकत्र आले होते.)

आसियान, म्हणजे आग्नेय आशियाई देशांची संघटना, मात्र नीट वाच. इंडोनेशिया-मलेशियाचा सशस्त्र संघर्ष १९६६ मध्ये मिटला आणि वर्षभरात दोघांनी आसियान स्थापन करणाऱ्या बँकॉकच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या. शेजारी बसलेलं सिंगापूर मलेशियापासून नुकतंच तुटलेलं. हे तिघे, थायलंड आणि फिलिपिन्स या पाचांना साम्यवादाची धास्ती होती, आणि १९९५ मध्ये त्यांनी साम्यवादी व्हिएतनामलाच आत घेतलं! हे एक वाक्य तुझ्या अख्ख्या पानावर भारी पडेल.

संघटनेत जाऊन मिळतं काय, ते आपल्या पुरावरून बघ. २०१९ च्या महापुरात कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या विसर्गाचा आकडा आपल्याकडे पोराटोरांच्या तोंडी होता. महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्ही एकाच देशातली राज्यं, वर केंद्र सरकार, तरी ताळमेळ बसवताना दमछाक झाली. दोन देशांच्या वर तर कोणीच नसतं. मग ओळखीचे अधिकारी, ठरलेल्या बैठका, फोन उचलण्याची सवय यांना किंमत येते. लहान देशांना तर जास्तच. मोठ्या शेजाऱ्यासमोर एकट्याने बसणं नेपाळ-भूतानला जड जातं.

बिमस्टेकवर, म्हणजे बंगालच्या उपसागराभोवतालच्या देशांच्या संघटनेवर, दोन ओळी पुरे.

आता उलट बाजू लिहून आण: २०१९ मध्ये भारत आरसेप या आशिया-पॅसिफिक देशांच्या मुक्त व्यापार कराराच्या वाटाघाटींतून बाहेर का पडला? पुस्तक उघडण्याआधी गावातल्या दूध डेअरीवर जा आणि न्यूझीलंडची दूध पावडर स्वस्तात आली तर काय होईल, ते विचार.

तुझा,
सर