ऑफिसातून आठला घरी आल्यावर फळं घालून पोर्क चॉप्स झटपट कसे करावेत?

अननस घाला, पण सकाळपासून त्यात मुरवत ठेवू नका. कच्च्या अननसातलं ब्रोमेलेन हे प्रथिनं तोडणारं एन्झाइम मांसाचा पार लगदा करतं (हा पराक्रम मी एकदा केलाय).

वांद्र्याला पोर्कवाल्याकडून २ सेंटीमीटर जाडीचे चॉप्स कापून घ्या. पातळ लगेच चिवट होतात. पुसून कोरडे करा, मीठ-मिरपूड चोळा. घरात ईस्ट इंडियन बॉटल मसाला (मुंबईच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांतला मिश्र मसाला) असेल तर काय, मजाच. कडकडीत तापलेल्या बिडाच्या तव्यावर दोन्ही बाजू ३-४ मिनिटं लाल करून बाजूला काढा. त्याच चरबीत कांदा, अननसाच्या फोडी, जरासा गूळ आणि चमचाभर व्हिनेगर परता, चॉप्स परत टाका. आत ६३ अंश सेल्सिअस झालं की उतरवून ३ मिनिटं तसेच ठेवा. सोबत पाव.

अननस नसला तर आंबटसर सफरचंदही चालतं.