वाचकांचे प्रश्न : घोरपड की इगुआना?

प्रश्न : जानेवारीत सकाळी गच्चीवर हातभर लांबीचा, हिरवट, काटेरी पाठीचा प्राणी निपचित पडलेला सापडला. शेजारी घोरपड म्हणतात. प्राणी-निवाऱ्याची गाडी संध्याकाळी येणार आहे. दूध आणि पालक ठेवला, तोंड लावत नाही. — एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : कानाच्या खाली बघा. तिथे नाण्यासारखा एकच मोठा गोल खवला आणि गळ्याखाली लोंबती झालर असेल, तर तो हिरवा इगुआना. मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला. इथे कुणाच्या तरी घरातून सुटलेला, नाहीतर सोडलेला. घोरपडीला ना काटे, ना झालर. जीभ मात्र सापासारखी दुभंगलेली.

आपल्याकडे पहाटे पारा १०-१२ अंशांवर आला की याचं अंग आखडतं. मेला समजून टाकून देऊ नका. भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवा, गरम पाण्याची पिशवी पंच्यात गुंडाळून एकाच टोकाला लावा. त्या टोकाला ३० अंश पुरेत. दुसरं टोक गार हवं, म्हणजे नको झालं तर तो सरकेल. हीटरसमोर धरलात तर कातडी भाजते. उचलताना डोळ्यांवर फडकं, एक हात खांद्यांमागे, दुसरा कमरेखाली. शेपटी धरू नका, तुटते. जागा झाला की त्याच शेपटीचे फटके देतो, तेव्हा तोंड लांब ठेवा.

गार पोटात अन्न पचत नाही, कुजतं. म्हणून आधी ऊब, मग खाणं. शेवग्याचा पाला, जास्वंदीची पानं-फुलं, किसलेला लाल भोपळा चालेल. पालकातलं ऑक्झॅलेट हे द्रव्य कॅल्शियम अंगी लागू देत नाही, म्हणून तो नकोच. दूध-अंडं तर मुळीच नको, हा पक्का शाकाहारी.

वन खात्याला कळवाच. घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि २०२२च्या दुरुस्तीनंतर इगुआना पाळणाऱ्यालाही नोंदणी लागते. विश्वामित्री नदीच्या काठी सोडणं हा उपाय नव्हे.

प्रश्न : आमच्या निवाऱ्यातल्या इगुआनाचा जबडा रबरासारखा मऊ झालाय, बोटं थरथरतात. बंद खिडकीशी रोज ऊन देतो. — एक स्वयंसेवक

उत्तर : काचेतून ऊब येते, यूव्हीबी (उन्हातले अतिनील) किरण जवळजवळ येतच नाहीत. ते नसले की ड-३ जीवनसत्त्व बनत नाही, कॅल्शियम पचत नाही आणि हाडं ठिसूळ होतात. सकाळचं कोवळं ऊन द्या, पण जाळीच्या पिंजऱ्यात आणि अर्ध्या भागात सावली ठेवून. काचेची टाकी उन्हात मिनिटांत भट्टी होते. एक्स-रे काढा. कॅल्शियमची मात्रा पशुवैद्यच ठरवतील. हाताळून झालं की साबणाने हात धुवा. साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू विष्ठेतून येतो, म्हणून त्याची भांडी स्वयंपाकघराच्या मोरीत विसळू नका.